सायटिका आणि सायकल: घरातला ट्रेनर की आजव्याचा रस्ता?

दोन वर्षं झाली, डाव्या पायातल्या मुंग्या काही जात नाहीत. एमआरआयमधे कंबरेतली एल५ ची नस दबलेली निघाली, म्हणजेच सायटिका, म्हणून अंगठा आणि पावलाची वरची बाजू बधिर, बूट घालताना मोजा नीट बसलाय का तेपण हात लावून बघतो.

ट्रेनर, म्हणजे सायकल घरातच जागेवर अडकवून चालवायचा स्टँड, घेतला तो भीतीपोटी. खड्डे नाहीत, पाय झिणझिणला की लगेच उतरायचं, बायको चहा आणून देते. पण सायकल जागची हलत नाही ना, त्यामुळे माणूसही हलत नाही, सगळं वजन सीटवर आणि कंबर वाकलेली ती वाकलेलीच, वीस मिनिटांत कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत तार ओढल्यासारखं होतं. दर पाच मिनिटांनी पेडलवर उभं राहिलं तरच निभतं.

रस्त्यावर आपोआप उठबस होते. पहाटे बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघून शहराबाहेरच्या आजवा तलावाकडे गेलो की मन तर मोकळं होतंच, दुखतंही कमी. हँडल थोडं वर घेतलंय, सीट जराशी खाली, कारण सीट उंच असली की कंबर डावी-उजवी डुलते. गोची एकच, दहा किलोमीटरवर कळ आली तर परतायचं कसं? एकदा रिक्षात सायकल आडवी घालून आलोय, रिक्षावाले काका पूर्ण रस्ता मालिशचं तेल सुचवत होते.

माझं मत रस्त्याला, पण कमी अंतर. पावसाळ्यात ट्रेनर. आणि पाऊल उचलेनासं झालं, मांड्यांच्या मधे बधिरता आली किंवा लघवी अडली तर दोन्ही सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल.