लांबच्या सायकल टूरला ट्यूब की ट्यूबलेस?

ठाण्याहून कुठेही लांब निघा, पहिली गाठ पडते ती तारांशी. माजिवड्याहून नाशिक महामार्ग धरा, नाहीतर घोडबंदरमार्गे फाउंटन हॉटेलचा नाका गाठून अहमदाबाद महामार्ग. ट्रकचे टायर फाटले की त्यांतल्या केसासारख्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला साठतात, आणि सायकलवाल्याच्या वाट्याला नेमकी तीच कड येते. म्हणून टूरच्या आधी ट्यूब ठेवायची की ट्यूबलेस करायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मी दोन्ही वापरलं आहे.

तारांच्या बाबतीत ट्यूबलेसला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. टायरच्या आत ट्यूब नसते, सीलंट नावाचं पांढरं चिकट द्रव असतं, ते बारीक भोक आतूनच बुजवतं. कसाऱ्याला चहासाठी थांबल्यावर मागच्या टायरवर पांढरे ठिपके दिसले, तेव्हा कुठे कळलं की वाटेत पंक्चर होऊन गेलं. खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला जोडीने पडणारी भोकंही गेली. हवा जरा कमी ठेवता येते, त्यामुळे पाठ वाचते. पावसाळ्यानंतर गायमुखचा चढ ज्यांनी केला आहे त्यांना याची किंमत सांगायला नको.

मग बिनसलं कुठे? सीलंटला न जुमानणारी चीर पडली तिथे. काच, जांभ्याची धार, काहीही असो. आत प्लग, म्हणजे चिकट रबरी पट्टी, खुपसून भागलं तर उत्तम, नाहीतर शेवटी ट्यूबच घालावी लागते. वडखळच्या पुढे माझ्यावर ही वेळ आली. ट्यूब घालायची तर ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह आधी काढावा लागतो, आणि त्याचा नट वाळलेल्या सीलंटने असा धरला होता की पक्कड लागली. पण तेही चालून गेलं असतं. खरा वैताग पुढेच होता. सीलंटने इतके दिवस गुपचूप जिरवलेल्या सगळ्या तारा टायरमध्येच होत्या. ट्यूबलेसमध्ये त्या काही करत नाहीत. नवी ट्यूब घातली की एकेक टोचायला लागते. भर उन्हात, चिकट पांढऱ्या रबडीत बोटं फिरवून त्या शोधायच्या. एखादी सुटतेच, आणि हवा भरून दोन किलोमीटर जात नाही तोच सायकल परत उलटी.

कोकणात नाक्यानाक्यावर पंक्चरवाला भेटतो. ट्यूब दिली की तो घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो, घासतो, सोल्युशन लावतो, पॅच चिकटवतो. तुमचा चहा संपायच्या आत काम झालेलं असतं. ट्यूबलेस सायकल पाहिली की तोच माणूस हात पुसत म्हणतो, "एवढा चिकटा कशाला घातलात साहेब?" त्याचं चुकत नाही. मोटरसायकलचं ट्यूबलेस तो रोज करतो, पण सायकलचा बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह त्याच्या नळीत बसत नाही. पितळी अडॅप्टर आपल्याकडे असला तर ठीक. टायर एकदा रिमवरून सुटला की पिशवीतल्या छोट्या पंपाने तो परत बसवणं मला तरी जमलेलं नाही.

त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर सायकल पार्किंगमध्ये उभी, तोवर आतलं सीलंट वाळून जातं. बाहेरून काही कळत नाही. दिवाळीच्या टूरआधी ते पुन्हा भरणं आलंच.

ट्यूबचं सुख नाही, हेही खरं. मागचं चाक काढायचं तर सगळं सामान उतरवा, चेनच्या काळ्याने हात माखून घ्या. शिवाय ७०० सीची, म्हणजे अशा सायकलच्या मोठ्या चाकाची, ट्यूब गावात मिळेल या भरवशावर राहू नका. २६ इंची मिळते, अडीअडचणीला ती ताणून घालताही येते, पण तिचा जाड व्हॉल्व्ह फ्रेंच व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या भोकातून जात नाही. म्हणून दोन ट्यूब घरूनच न्या. ट्यूबमध्येच सीलंट ओतायचा मधला मार्ग काही जण सुचवतात. त्यावर नंतर पॅच धड चिकटत नाही, एवढंच सांगतो.

नगर-सोलापूरकडे, बाभळीच्या मुलखात जाणार असाल तर कदाचित ट्यूबलेसच बरं. तिथे ट्यूब घेऊन जा असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सागरी महामार्गाने दिघी, दाभोळ, जयगडच्या जेट्ट्या ओलांडत खाली उतरायचं असेल, तर मी सध्या ट्यूबच ठेवतो. थांबावं लागतं जास्त वेळा, पण प्रत्येक वेळी काय करायचं ते ठाऊक असतं.

तरीही ट्यूबलेस ठरलंच असेल, तर रोज मुक्कामाला पोचल्यावर दोन्ही टायर बोटांनी चाचपा. तार सापडली तर चिमट्याने उपटा आणि ते भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवा, म्हणजे सीलंट तिथे साचून ते बुजेल. व्हॉल्व्हचा नट हाताने सुटतो का, ते मात्र घरूनच पाहून निघा.