मोकळ्या हाताचा, तरीही वळण न सोडणारा ‘कलम’

मुलांच्या नाट्यशिबिराचा फलक दादरसारख्या गजबजलेल्या भागात लावायचा असेल, तर त्यावरील अक्षर पाठ्यपुस्तकातल्यासारखे ताठ असून चालत नाही. पण मोकळेपणाच्या नावाखाली ते वेडेवाकडे झाले, तर घाईत चाललेला माणूस ते वाचण्याच्या फंदात पडत नाही. ‘कलम’ हा फॉन्ट मला मनापासून आवडतो, कारण त्यात खेळकरपणा आहे आणि तो वाचनीयतेच्या आड येत नाही.

इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या फॉन्टची देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी, तर रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली आहेत. स्केचपेनाने भरभर लिहावे तसे हे अक्षर उजवीकडे चांगलेच झुकलेले आहे. बोरूने काढलेल्या देवनागरीत जाड आणि बारीक रेषांचा जो ठळक भेद दिसतो, तो येथे जवळजवळ नाही. ‘उन्हाळी सुट्टी’ हे दोनच शब्द बोल्डमध्ये मोठे करून पाहावेत: ‘न्ह’ सुटा पडत नाही, ‘ट्ट’चा पाय मोडत नाही आणि ‘ळ’ची वेटोळी बुजत नाहीत. हस्ताक्षरी म्हणवणाऱ्या अनेक फुकट फॉन्टांमध्ये जोडाक्षरांची जी दैना होते, ती पाहिलेल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाडींपैकी लाइट मात्र फ्लेक्ससाठी वापरू नये. लांबून तिच्या रेषा पार्श्वभूमीत विरून जातात. दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. ‘गंमतजंमत’ असा शब्द फलकभर मोठा केला, की त्यातील दोन्ही ‘म’ आणि दोन्ही ‘त’ तंतोतंत एकसारखे दिसतात, आणि हाताने लिहिल्याचा भास तेथेच सरतो. म्हणून मुख्य शीर्षकाला मी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा गुबगुबीत ‘मोदक’ हा फॉन्ट घेईन, ज्याच्या अक्षरांतील पोकळ्या केसाएवढ्या बारीक ठेवल्या आहेत, आणि त्याखालच्या दोन-तीन ओळी ‘कलम’मध्ये लावीन. शुल्क, नियम, वेळापत्रक यांसाठी ‘मुक्त’सारखा सरळ फॉन्टच योग्य.

‘कलम’ मुक्त परवान्याखाली असल्याने व्यावसायिक कामालाही पैसे पडत नाहीत. तो युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षर-संकेतांवर बेतलेला, असल्याने जुन्या डीटीपी फॉन्टांप्रमाणे मजकूर दुसरीकडे चिकटवताच त्याची अगम्य चिन्हे होत नाहीत. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली, तर दोष फॉन्टचा नसतो; परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा. छपाईला फाइल देताना अक्षरे कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांचे आकृत्यांत रूपांतर करूनच, द्यावीत, कारण दुकानातील संगणकावर ‘कलम’ नसेल तर त्याच्या जागी भलताच फॉन्ट येतो आणि ते बहुतेकदा फ्लेक्स छापून झाल्यावरच लक्षात येते.