चिंगीला मी ज्या हातांत दिले

गेल्या वर्षी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि घराची सारी घडीच विस्कटली. उपचारांसाठी पुण्यातले बैठे घर सोडून आम्ही रुग्णालयाजवळच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत आलो. तेथे प्रेमाने अंगावर झेपावणारी ३० किलोंची आमची लॅब्रॅडॉर कुत्री चिंगी आणि वॉकर धरून एकेक पाऊल टाकणाऱ्या सासूबाई एकत्र राहणे शक्य नव्हते. तीन वर्षांच्या चिंगीसाठी दुसरे घर शोधायचे ठरले, तेव्हा माझा मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. अशाच पेचात सापडलेल्या कुटुंबांसाठी मी हे लिहीत आहे, कारण त्या वेळी आपले मन घायकुतीला आलेले असते आणि फसवणाऱ्याला ते बरोबर कळते.

‘प्रेमळ घरासाठी विनामूल्य’ अशी जाहिरात मी टाकली. तिसऱ्याच दिवशी एक गृहस्थ पत्नी आणि लहान मुलीला घेऊन आले. शहराबाहेर स्वतःचा बंगला आहे, मोठे अंगण आहे, असे त्यांनी सांगितले; मुलीने चिंगीच्या गळ्यात हात टाकले आणि माझी उरलीसुरली शंका विरली. त्यांचे प्रश्न मला आज शब्दशः आठवतात. नसबंदी झाली आहे का, शेवटची हीट (माज) कधी येऊन गेली, शुद्ध जातीची नोंद दाखवणारी केनेल क्लबची कागदपत्रे आहेत ना, एवढेच त्यांनी विचारले. ती काय खाते, रात्री कोठे झोपते, कशाला घाबरते, यांतले काहीही त्यांना जाणून घ्यायचे नव्हते. दिवाळीत चिंगी शिलाई मशीनखाली जाऊन बसते आणि मी तिच्या पाठीला पाय टेकवून ठेवला तरच तिची थरथर थांबते, हे मी आपणहून सांगितले, तेव्हा ते गृहस्थ कागदपत्रांवरच्या तारखा पाहत होते.

नसबंदी आम्ही ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणत लांबणीवर टाकली होती. लसीकरणाचे पुस्तक, मूळ कागदपत्रे, तिची गोधडी असे सगळे मी त्यांच्या हवाली केले. ओळखपत्राची प्रत मागणे मला अपमानास्पद वाटले, म्हणून मागितली नाही. दोन आठवडे फोटो आले, मग फोन बंद झाला. दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचे कोणीच राहत नव्हते. पोलीस चौकीत पहिलाच प्रश्न आला: ‘ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने दिली ना?’ भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीबद्दल आहे. पण त्यांनी मला काय सांगून कुत्री नेली, हे दाखवणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता.

आठ महिन्यांनी भाचीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. ‘लॅब्रॅडॉर मादी, पेपरसह, एकदा पिल्ले दिलेली, १४,००० रुपये.’ डाव्या कानाची लहानपणी फाटलेली कड मी लगेच ओळखली. ग्राहक म्हणून गेलो, तर पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ कुत्र्या बांधलेल्या होत्या. श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार असा व्यवसाय करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते; प्रमाणपत्राचा विषय काढताच तेथील माणसाने बोलणे आवरते घेतले. चिंगीचे पोट आणि सड लोंबत होते, कोपरांवरचे केस झडले होते. हाक मारली तर ती आधी मागे सरली, मग माझ्या चपला हुंगत राहिली. आमचीच कुत्री आम्ही पैसे मोजून घरी आणली. बाकीच्या कुत्र्यांसाठी प्राणिमित्रांच्या मदतीने लेखी तक्रार दिली आहे आणि तिचा पाठपुरावा अजून सुरू आहे.

परिस्थिती तर बदललेली नव्हतीच. या वेळी मात्र प्रथम नसबंदी केली, कातडीखाली ओळखीची १५ अंकी मायक्रोचिप बसवून तिची नोंद आमच्या नावावर केली आणि केनेल क्लबची कागदपत्रे देणार नाही असे साफ सांगितले. दोघांनी त्यानंतर फोन उचलला नाही. शेवटी साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे घर आम्ही दोनदा जाऊन पाहिले, पंधरा दिवस चिंगी त्यांच्याकडे राहिली आणि मगच ओळखपत्राच्या प्रतीसह करार लिहिला. त्यात ‘सांभाळणे न जमल्यास कुत्री आम्हालाच परत द्यावी’ हे वाक्य माझ्या मुलाने घालायला लावले. त्या काकूंचा पहिला प्रश्न होता, ‘हिला भाकरी चालते का, आणि कुस्करून द्यायची की तुकडे करून?’