बायबलच्या वचनांचं भिंतीवरचं कॅलेंडर: कागद जाड, वचनं अर्धी

पाचपैकी तीन तारे.

आकडे मोठे आहेत, ओट्यापासून चष्म्याशिवाय दिसतात. वरची पत्र्याची पट्टी मात्र पहिल्याच पावसात गंजली आणि तांबडा ओघळ भिंतीवर उतरला. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या पावसाला प्लॅस्टिकचीच पट्टी हवी. छपाई महाराष्ट्रातली, म्हणून ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन दोन्ही काळ्या आकड्यात. मागची बाजू कोरी. दुधाचा हिशेब छान मावतो.

खरी तक्रार वचनांच्या निवडीबद्दल. फेब्रुवारीत सारफथची विधवा: मडक्यातलं पीठ सरणार नाही, कुपीतलं तेल आटणार नाही. त्याच्या आधीच्याच वचनात एलीया संदेष्टा तिला सांगतो, पहिली लहानशी भाकर माझ्यासाठी कर, मग तुझ्यासाठी नि मुलासाठी. ते गाळलंय. जुलैत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, देवाचे हिताचे संकल्प, मागे सूर्योदय. अहो, एक वचन वर चढा, तिथे परत यायला सत्तर वर्षं लिहिलीत! हा अध्याय म्हणजे यिर्मयाचं पत्र, बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना. त्यात गाठोडी बांधा असं नाही. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मात्र दोन वर्षांत सगळं परत येतंय म्हणून सांगत होता. लोकांना तोच आवडला असणार.

हनन्या आमच्याही ओळखीचा. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, खनिज वाहायचा आमचा टिपर ट्रक अंगणात उभा, हप्ता चालूच. जो येई तो म्हणे, पुढच्या सीझनला सुरू होतात बघा. आमचे हे त्या भरवशावर रोज सकाळी इंजिन चालू करून बघायचे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजींनी घरी येऊन तो अख्खा अध्याय वाचला, तेव्हा कुठे टिपर विकायचं ठरलं. परसात तांबडी भाजी आणि मुळा लावला, मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायला लागले. दशमांश, म्हणजे देवासाठी काढायचा कमाईचा दहावा भाग, त्यातूनच, तोही आधी. बाजूला काढताना हात अडायचा, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षीही घेईन, आकड्यांसाठी. छापणाऱ्यांनी सूर्योदय जरा आवरला तर वरची वचनं सहज बसतील. तोवर कुणाला भेट देणार असाल, तर जुलैच्या पानावर पेनानं २९:५ ते १० लिहून द्या.