आठ महिन्यांनंतर: हिमनदीवरच्या स्की-शिबिराचं सामान आणि बडोद्याचा उन्हाळा

एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधल्या आल्प्सच्या आलेच (Aletsch) हिमनदीवर गाइडबरोबर एक आठवडा, आणि त्यानंतर आठ महिने बडोद्यातल्या घरात. या सामानाचा वापर एवढाच, पण मत बनायला पुरेसा. सामान घेताना बर्फाचा विचार सगळेच करतात, मे महिन्याचा कुणी करत नाही. सामान खराब होतं ते मात्र मे महिन्यातच.

सगळ्यात आधी स्किन. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची ही लवदार पट्टी. लव मागे वळलेली असते, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) जास्त आणि नायलॉन कमी असं मिश्रण घ्या. नुसतं नायलॉन टिकाऊ असतं, पण सरकायला जड. लवेची काळजी करायला नको, सगळा खेळ गोंदाचा आहे. तो उष्णतेने मऊ होतो, पट्टीतून सरकतो आणि स्कीच्या तळाला चिकटून बसतो. स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत दोन उन्हाळी दुपारी पडल्या तरी बस. नंतर गोंद झाकणारी जाळी ओढली की पाकाच्या तारा निघाव्यात तशा गोंदाच्या तारा निघतात.

उपाय साधा आहे. पट्टी सावलीत पूर्ण वाळवा, गोंदावर जाळी लावा, हवाबंद पिशवीत घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. मेथीची जुडी शेजारी असली तरी चालेल, पिशवी मात्र उघडी नको. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट गोंदावर साठतं. तपासणी अंगठ्याने करा: दाबून उचलल्यावर ओढ जाणवली पाहिजे, पण अंगठ्यावर काहीही यायला नको. येत असेल तर गोंदावर खाकी कागद ठेवून वरून इस्त्री फिरवायची आणि कागद गरम असतानाच ओढायचा. जुना गोंद कागदाबरोबर येतो. मग नव्या गोंदाचे दोन-तीन पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. एकच जाड थर दिलात तर पहिल्या थंडीत तो सोलून निघेल. ती इस्त्री पुन्हा कपड्यांना वापरू नका.

हिमनदीवर त्रास उलटा होतो. उन्हातल्या ओल्या बर्फात लव भिजते, सावलीत शिरताच गोठते आणि स्कीखाली बर्फाचे गोळे चढू लागतात. स्किनचं मेण सकाळी निघण्याआधीच लवेच्या दिशेने घासा, गोळे चढल्यावर घासून फार उपयोग होत नाही. थांब्यावर उतरवलेल्या पट्ट्या जॅकेटच्या आत छातीशी ठेवायच्या. रात्री झोपडीत (डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात) टांगायच्या, पण शेगडीवर नाही.

पिन-बाइंडिंगबद्दल, म्हणजे बूट स्कीला पकडणाऱ्या यंत्रणेबद्दल, तक्रार एकच, आणि तीही त्याच्या रचनेतूनच येते. बुटाच्या टोकाला दोन पोलादी खळगे असतात आणि त्यांत बाइंडिंगच्या जबड्यातल्या, स्प्रिंगवरच्या दोन पिना बसतात. जबड्याखाली बर्फ दाबला गेला तर जबडा अर्धाच मिटतो. टक् असा आवाज येतो, बूट बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्याच वळणावर स्की निसटते. म्हणून खळगे काठीच्या टोकाने कोरा, जबड्याखालचा बर्फ काढा, टाच सात-आठ वेळा वरखाली करा, मगच पुढचा खटका चढणीच्या जागी उचला. उतरताना तो खाली हवा, नाहीतर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि भार गुडघ्यावर येईल.

स्की-क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फात रुतणारे स्कीखालचे दात, स्कीच्या कमरेपेक्षा (मधल्या अरुंद भागापेक्षा) किंचित रुंद घ्या. पहाटे बर्फ काचेसारखा असतो, तेव्हा ते आडव्या उतारावर पाऊल टाकण्याआधी लावायचे, मध्येच अडकल्यावर नाही. टाचेखालचा आधार पूर्ण उंच केलात तर बहुतेक क्रॅम्पॉनचे दात कमी रुततात, हे दुकानात कुणी सांगत नाही.

हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ-यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. तो संदेश पाठवत असताना फोन त्याच्यापासून किमान २० आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब हवा. परत आल्यावर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल आमच्याकडच्या उकाड्यात गळतात आणि संपर्कपट्ट्या हिरव्या पडतात.

स्कीच्या पोलादी कडांना जुलैत दोन आठवड्यांत नारिंगी ठिपके पडतात. तळ आणि कडा झाकतील असा मेणाचा जाड थर देऊन तो तसाच ठेवा. नोव्हेंबरमध्ये खरवडताना कंजुषी नको, कारण उरलेलं मऊ मेण स्किनच्या गोंदाची वाट लावतं. बुटांची आतली मऊ अस्तरं बाहेर काढून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. बक्कल मात्र पहिल्या खाचेत लावून ठेवा, म्हणजे कवच फाकत नाही.

आता शिबिराबद्दल. वाट युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटरवरच्या रेल्वे स्टेशनापासून खाली कॉन्कॉर्डियाकडे, म्हणजे हिमनदीचे फाटे जिथे मिळतात त्या सपाटीकडे, जाते. तिथली झोपडी २,८५० मीटरवर आहे, पण हिमनदी खचत गेल्यामुळे शेवटी चारशेहून जास्त लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात, त्याही स्की पाठीवर घेऊन आणि कडक बूट घालून. त्यासाठी पावागडासारखी तालीम नाही: दहा किलोची सॅक आणि चांपानेरपासून वरपर्यंतची चढण, महिनाभर दर रविवारी. लक्ष्य तासाला ३०० मीटर चढ. उंचीची सवय मात्र पावागड देत नाही, त्यासाठी आधी दोन रात्री वर काढायला हव्यात.

हिमनदीवर एकमेकांना बांधायचा दोर आणि दोघांमधलं अंतर गाइड ठरवतो (तिघे असतील तर साधारण दहा-बारा मीटर), पण प्रुसिक गाठ (भार पडला की दोराला घट्ट धरणारी) हातमोजे घालून बांधता आली पाहिजे. घरी पंख्याखाली सराव करा. शाकाहारी असल्याचं बुकिंग करतानाच लिहून कळवा. पोचल्यावर सांगितलंत तर सूप आणि बटाटे. झोपडीत पाणी विकत मिळतं, तेव्हा त्याचे पैसे रोख ठेवा.

पुढच्या हंगामाची तयारी म्हणून नोव्हेंबरमध्येच स्किन स्कीला लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओढून पाहा. तळावर गोंदाचा ठसा उमटला तर गोंद बदलायला अजून वेळ आहे.