अंदमानचं ‘पाच रात्री, सहा दिवस’ पॅकेज: कुणाला पुरतं, कुणाला नाही

मुंबई-पुण्याच्या टूरवाल्यांकडचं अंदमान बहुधा एकाच साच्यातलं असतं. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर (२०२४पासून श्री विजयपुरम), सेल्युलर जेल आणि प्रकाश-ध्वनी कार्यक्रम. मग हॅवलॉक बेट, मग नील बेट, परत पोर्ट ब्लेअर, तिथून रॉस-नॉर्थ बे आणि सहाव्या दिवशी विमान. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे एकत्र निघाले असतील तर हे ठीकच आहे. बोटीची तिकिटं काढण्याची कटकट दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि अंदमानात खरी अडचण तीच. मात्र कुणाला फक्त समुद्र हवा असेल, कुणाला फक्त पक्षी, तर या साच्यात निम्मा वेळ जेट्टीवर जातो.

वेळापत्रकात पहिली गफलत असते ती सूर्यास्ताची. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या बोटीने हॅवलॉकला उतरायचं, हॉटेलवर सामान टाकायचं, जेवायचं आणि राधानगरचा किनारा गाठायचा, यात पाण्यात उतरायला वेळच उरत नाही. सकाळची बोट मागून घ्या.

खासगी कॅटामरान (जुळ्या सांगाड्याची वेगवान बोट) हॅवलॉकला साधारण दीड तासात पोचते, सरकारी बोटीला अडीच तास लागतात. सरकारी बोट स्वस्त आणि डेकवर वारा खाता येतो. खासगी बोटींत बहुधा बंद, वातानुकूलित केबिन. ज्याला बोट लागते त्याने मागची, खालच्या मजल्यावरची जागा घ्यावी आणि गोळी निघण्याआधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. सरकारी बोटी फिनिक्स बेवरून सुटतात, खासगी बहुतेक हॅडोवरून. रिक्षावाल्याला नुसतं ‘जेट्टी’ सांगू नका. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. पैसे परत मिळतीलही, दुसऱ्या दिवशीची जागा मिळेलच असं नाही. म्हणून हॅवलॉकहून येऊन त्याच दिवशी विमान पकडायला लावणारं पॅकेज सरळ नाकारा.

‘स्कूबा समाविष्ट’ म्हणजे जवळजवळ नेहमीच तोंडओळखीची डुबकी. पोहता येण्याची गरज नाही, प्रशिक्षक धरून नेतो, मर्यादा १२ मीटर. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती माणसं, डुबकी किनाऱ्यावरून की बोटीतून, आणि सर्दी किंवा दम्यामुळे ऐनवेळी नकार मिळाला तर पैशांचं काय. सर्दीत कानातला दाब सोडता येत नाही, त्यामुळे हा नकार रास्तच असतो. १८ मीटरपर्यंतचा ओपन वॉटर कोर्स करायचा तर तीन-चार दिवस लागतात. नील गाळा, सगळ्या रात्री हॅवलॉकला काढा. शेवटच्या डुबकीनंतर विमानापर्यंत १८ तास मोकळे ठेवा. पाणी सर्वांत नितळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, तर पॅकेजं खपतात दिवाळी-नाताळात.

नीलला एकच रात्र असेल तर आधी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला हिशोब इथे लावू नका. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीत पाहायचा, भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहायचं ते भरतीत. गाडीवाला त्याच्या सोयीने उलटं करतो, मग पूल लांबून दिसतो आणि भरतपूरला गुडघाभर पाण्यात प्रवाळावर पाय कापतो.

इतिहासासाठी जाणाऱ्यांवर हे पॅकेज सर्वांत जास्त अन्याय करतं. १९०६ साली पुरं झालेल्या जेलच्या सात बाजूंपैकी तीन उरल्या आहेत. आपली मंडळी सावरकरांच्या कोठडीपाशी रांग लावून फोटो काढतात, तोवर गाईड पुढे गेलेला असतो. फाशीघर, तेलाचा घाणा आणि मनोऱ्यातल्या नावांच्या पाट्या यांसाठी एक अख्खी सकाळ वेगळी काढा. नॉर्थ बे बिनधास्त वगळा: जुन्या वीसच्या नोटेवरचा दीपस्तंभ सोडला तर तिथे गर्दी आणि वॉटर स्पोर्ट्सची घासाघीसच जास्त. त्याऐवजी व्हायपर बेट धरा. १८७२मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला तिथेच फाशी दिलं.

पक्ष्यांसाठी हॅवलॉकही लागत नाही. पोर्ट ब्लेअरलाच राहा, पहाटे चिडियाटापूला जा. अंदमान सुतार आणि सर्पगरुड तिथे दिसण्याची शक्यता चांगली. टूरवाले मात्र तिथे सूर्यास्ताला नेतात.

‘बाराटांग, एक दिवस’ हा जादा भाग घेताना ज्येष्ठांचा विचार करा. पहाटे तीन-चारला निघणं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्याची वाट पाहणं, खाडीतली होडी आणि चुनखडीच्या गुहेपर्यंत चिखलाची पायवाट. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं हे गुन्हे आहेत. ‘जारवा दाखवू’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्याकडून बाकीचं पॅकेजही घेऊ नका.