सान्तियागोचं स्मृती संग्रहालय: निम्मा वेळ दुसऱ्या मजल्यासाठी राखून ठेवा

चिलीच्या राजधानीतलं स्मृती आणि मानवाधिकार संग्रहालय दीड तासात उरकणारे पर्यटक पुष्कळ. त्यांचा बराचसा वेळ तळमजल्यावरच जातो, तिथे जगभरातल्या सत्यशोधन आयोगांची माहिती मांडली आहे. ती वाईट नाही, पण शेवटी पाहिली तरी काही बिघडत नाही. इथे यायचं ते 11 सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावापासून सुरू झालेली राजवट कशी चालली आणि कशी संपली, हे पाहायला. तीन तास तरी काढा.

पहिला मजला उठाव आणि दडपशाहीचा. ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर हवाई दलाने केलेला हल्ला पडद्यावर, उलथवले गेलेले राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं रेडिओवरचं शेवटचं भाषण कानावर, आणि थोडं पुढे विजेचे झटके देण्यासाठी वापरायची ती लोखंडी खाट. मांडणी संयमी आहे, रक्तबंबाळ नाट्य कुठेच नाही. लहान मुलं सोबत असतील तर हा भाग मात्र टाळा.

मोठ्या छायाचित्रांच्या गर्दीत बायकांनी शिवलेल्या कापडी चित्रांवरून नजर सहज पुढे सरकते. तिथे थांबा. आपल्या गोधडीसारखंच जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचं काम, फक्त खाली गोणपाट. वर अँडीजची रांग आणि सूर्य, खाली सामुदायिक स्वयंपाकघर, नाहीतर बेपत्ता नवऱ्याचा फोटो धरून उभी असलेली बाई. बाहुल्या कापडातून किंचित वर उचललेल्या असतात. चर्चच्या आश्रयाने ही चित्रं देशाबाहेर जात. शिवणारीला चार पैसे मिळत आणि इथली बातमीही बाहेर पोचे.

दुसऱ्या मजल्यावर मृत आणि बेपत्ता लोकांच्या फोटोंची उंच भिंत आहे. समोरच्या काचेच्या सज्जातून ती नीट दिसते. त्याच मजल्यावर 5 ऑक्टोबर 1988 चं सार्वमत आहे, आणि खरा अभ्यास इथेच होतो.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. लष्कराने स्वतःच घडवलेल्या 1980 च्या राज्यघटनेतच या मतदानाची तरतूद होती. उमेदवार एकच, लष्करी हुकूमशहा पिनोशे. ‘होय’ म्हटलं की आणखी आठ वर्षं, ‘नाही’ म्हटलं की खुली निवडणूक. उठावानंतर मतदारयाद्या जाळून टाकलेल्या, त्यामुळे 1987 पासून नव्याने नावनोंदणी करावी लागली. दोन्ही बाजूंना दूरदर्शनवर रोज 15 मिनिटं मिळाली, तीही रात्री उशिरा. विरोधकांनी त्या वेळात शोकगीतं न गाता आशेचं चिन्ह म्हणून इंद्रधनुष्य दाखवलं. केंद्राकेंद्रांवर माणसं बसवून स्वतःची समांतर मोजणीही ठेवली. सरकार निकाल रेंगाळवत असताना हवाई दलप्रमुख मातेई ला मोनेदात शिरता शिरता पत्रकारांना ‘नाही’ जिंकल्याचं सांगून मोकळे झाले. सुमारे 56 विरुद्ध 44 टक्के. या मोजणीचे कागद, फलक, प्रचाराच्या चित्रफिती, सगळं सावकाश पाहा.

तक्रार आहे ती इथून पुढच्या भागाबद्दल. संग्रहालयाची कालरेषा 10 मार्च 1990 ला थांबते. दुसऱ्या दिवशी निवडून आलेले विरोधकांचे नेते आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले, पण पिनोशे 1998 पर्यंत लष्करप्रमुख राहिले आणि नंतर तहहयात सिनेटर झाले. राजवटीतल्या गुन्ह्यांना माफी देणारा 1978 चा कायदा होता तसाच राहिला. मतदारांनी न निवडलेले, नेमलेले सिनेटर 2005 च्या घटनादुरुस्तीपर्यंत कायदे अडवायला मोकळे होते. सत्ता हरली ती तिच्याच नियमांनी, त्यामुळे जाण्याच्या अटीही तिच्याच. ही गोष्ट न कळता बाहेर पडणाऱ्याला वाटतं, कागदावरच्या एका फुलीने सगळं मिटलं. बळींच्या बाजूने संग्रहालय पक्कं आहे, मतदानाच्या बाजूने चांगलं. अटींच्या बाबतीत हात आखडता. उठावाआधीची वर्षं का दाखवत नाही, हा उजव्या गटांचा आक्षेप जुनाच आहे. त्यापेक्षा नंतरची वर्षं गाळणं जास्त खटकतं.

व्यवहाराचं: प्रवेश फुकट, सोमवारी बंद. मेट्रोच्या 5 क्रमांकाच्या मार्गावर किंता नॉर्माल स्टेशनला उतरलात की संग्रहालय समोरच. पाट्या बहुतेक स्पॅनिश, तेव्हा ऑडिओ मार्गदर्शक घ्याच. संग्रहालयाच्या चौकाखाली जमिनीत चिलीचे कलाकार आल्फ्रेदो हार यांची कलाकृती आहे, तिची वाट बाहेरून असल्याने ती हमखास राहून जाते. थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात, दार लावून पूर्ण अंधार करतात. बंद जागेचा त्रास असणाऱ्यांनी आधीच सांगावं. सवड उरली तर शहराच्या मध्यभागी लोंद्रेस 38 गाठा. ते गुप्त पोलिसांचं छळघर होतं. दारासमोरच्या फुटपाथवरच बळींची नावं कोरली आहेत, तेव्हा आत शिरण्याआधी खाली बघा.